धुतलेली वेष्टनं

मराठी घेऊन एम.ए. करायचं ठरवलं तेव्हा इतिहास माझ्या डोक्यात कुठंच नव्हता. इतिहासाशी माझं बारावीपासून वाकडं. सनावळ्या पाठ करायच्या आणि पेपर झाला की विसरायच्या, एवढाच आमचा संबंध. पण वाशीमच्या आमच्या कॉलेजात एक पेपर असा होता की देशाचं साहित्य आणि देशाचा इतिहास एकत्रच शिकायचा. तो शिकवायला एकाच तासाला दोघं यायचे, मराठीचे सर आणि इतिहासाच्या मॅडम.

सर डोळे मिटून वाचायचे. फार सुंदर वाचायचे. आम्ही 'वा' म्हणायला तोंड उघडावं, तेवढ्यात मॅडम विचारायच्या, "हे लिहून कुणी घेतलं? कागद कुणी आणला? ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत हे पोचलं कसं?"

"मॅडम, जेवायला बसलेल्या माणसाला तांदूळ कुठल्या दुकानातला ते विचारू नये," सर वैतागून म्हणायचे.

"विचारावं. म्हणजे पुढच्या वेळी दुकान चुकत नाही."

आम्ही पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत हसायचो. तेव्हा मी पूर्णपणे सरांच्या बाजूची होते. मॅडम म्हणजे मला लग्नात हुंड्याची चौकशी करणाऱ्या आत्यासारख्या वाटायच्या. आज मी स्वतः शिकवते आणि वर्गात माझ्या तोंडून मॅडमचेच प्रश्न निघतात. माझ्या विद्यार्थिनींनाही मी तशीच आत्या वाटत असणार.

शेवटच्या वर्षाला लघुप्रबंध लिहायचा होता. मॅडमनी अट घातली की विषय आपल्या तालुक्यातला हवा. देशाचं साहित्य म्हणजे जाड पुठ्ठ्याची पुस्तकं, ती दूर कुठंतरी मोठ्या शहरात लिहितात, असं मला वाटायचं. माझं गाव मंगरूळपीरपासून अर्ध्या तासावर. तिथं कसलं आलंय साहित्य? तिथं सोयाबीन आणि तूर.

पण मंगरूळपीरला आम्ही ज्या दुकानातून पिढ्यान् पिढ्या कापड घेत आलो, त्या दुकानाचे काका जैन. बाजारातल्या त्यांच्या लहानशा मंदिराच्या शास्त्रभंडाराची, म्हणजे हस्तलिखित पोथ्यांच्या कपाटाची, किल्ली त्यांच्याकडे असे. त्या पोथ्यांतल्या काही चक्क मराठीत आहेत, हे मला एसटीची वाट बघत त्यांच्या दुकानाच्या पायरीवर टेकले असताना कळलं. मी उडालेच.

"तू पाटलाची पोरगी. पोथीचं काय करशीन?" काकांनी विचारलं.

"वाचीन."

"वाचता येईन?"

त्यांनी मला हातपाय धुवायला लावले, मंदिरात नेलं आणि लाकडी चौरंगावर एक पान ठेवलं. अक्षरं देवनागरीच, पण शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही. सगळे शब्द एकमेकांना खेटून उभे. पहिली ओळ लावायला मला पाव तास लागला. तोवर काका दुकानात जाऊन एका गिऱ्हाइकाला दोन मीटर पॉपलीन देऊन आले. आले तेव्हा मी ती ओळ मोठ्यानं वाचली. खिशातून किल्ली काढून त्यांनी कपाटाचा दुसरा कप्पाही उघडला.

वर्षातून एकदा, ज्येष्ठ महिन्यात, जैनांच्या श्रुतपंचमीच्या सणाला या सगळ्या पोथ्या बाहेर निघतात. पानं झटकतात, सावलीत वारा देतात आणि पोथीला गुंडाळलेलं कापड मळलं किंवा विरलं असेल तर बदलतात. या कापडाला वेष्टन म्हणतात. त्या वर्षी काकांनी मलाही बोलावलं. मी इतकी खूश झाले की घरून अंघोळ करून निघाले होते तरी तिथं जाऊन पुन्हा तोंड धुतलं. काकी आणि मी मिळून बावीस पोथ्यांना नवं पांढरं कापड गुंडाळलं. जुन्या वेष्टनांचा एक काळपट ढीग कोपऱ्यात साचला. तेलकट, धुरकट, कुबट वासाचा.

माझा एक दुर्गुण आहे. मला मळकं काही बघवत नाही, आणि कुणी माझ्यावर उपकार केले की ते मला त्याच दिवशी फेडायचे असतात.

"काका, हे मी धुऊन आणते," ढीग दुकानात नेऊन मी म्हटलं. "जाड कापड आहे. आतून अस्तर लावायला कामी येईल."

काका गिऱ्हाइकात होते. मान न वळवताच म्हणाले, "आण."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर आईनं आणि मी ती भिजवली. मी सोडा घातला, साबणाची पावडर घातली, कंजुषी केली नाही. आईनं एक वेष्टन उचललं, कोपरा दोन बोटांत धरून उन्हाकडे केला आणि थांबली.

"अवं, ह्याच्यावर काहीतरी लिहेल हाये."

"डाग असन, माय. तेलाचा."

"तेलाचा डाग असा रांगेनं नाही बसत."

मी घाईत होते. मला दुपारची एसटी गाठायची होती. मी म्हटलं, "तुले कुठं वाचता येते?"

आईनं ते कापड दगडावर ठेवलं आणि धोपटायला घेतलं. बादलीतलं पाणी निळसर झालं होतं. तेही मी पाहिलं, आणि पाहून विसरले.

आठवड्यानं मी मॅडमना टिपणं दाखवली. जुन्या पोथ्यांच्या शेवटच्या पानावर लेखनिक लिहून ठेवतो की ही प्रत कुणी लिहिली, कुणासाठी, कुठल्या गावी. ती सगळी शेवटची पानं मी मोठ्या अभिमानानं उतरवून आणली होती. मॅडमनी चष्मा वर करून वाचलं. "छान. लिहिणारा पुरुष, लिहवून घेणारा पुरुष, वाचणारा पुरुष. बायका काय करत होत्या?"

संध्याकाळी परतताना मंगरूळपीरला उतरून मी तोच प्रश्न काकांना विचारला.

"बायाची नावं पोथीत कशी सापडतीन, बेटा?" काका म्हणाले. "थे वेष्टनावर रायतात. घरात आहेराचं नवं लुगडं आलं, की नेसायच्या आधी त्याचा तुकडा पोथीसाठी काढून ठेवत. अन् कोपऱ्यात नाव. शाईनं. तू पाह्यलं नाही?"

पायाखालची फरशी सरकली असं लिहितात ते मला खोटं वाटायचं. मी त्यांना "उद्या येते" म्हणून चक्क पळाले.

घरी बावीसच्या बावीस वेष्टनं घडी घालून ठेवलेली. मी एकेक उलगडलं, उजेडाला धरलं. एवढी स्वच्छ धुलाई माझ्या हातून आयुष्यात झाली नव्हती. कितीतरी बायकांनी आपलं नाव टिकावं म्हणून देवाच्या दारात ठेवलेलं कापड, दोन-तीन पिढ्यांनी जपलेलं, आणि ते पुसायला एम.ए. झालेली बाई नव्हे, एम.ए. होऊ घातलेली बाई लागली. प्रबंध बुडाला, याचं दुःख होतंच. पण काकांनी माझ्यापुढे कपाट उघडलं होतं, आणि मी असं केलं. त्याहून वाईट म्हणजे ज्या बाईला मी 'तुले कुठं वाचता येते' म्हणाले होते, तिनं ते पाहिलं होतं.

आई तूर निवडत बसली होती. मी तिच्यापुढं बसून रडले.

"काहून रडून राह्यली?"

"तुहं बरोबर होतं, माय. थे लिहेल होतं."

"मले माईत हाये," ती म्हणाली. "वाचता येत नसन, पण डाग कोणता अन् अक्षर कोणतं, हे समजते मले." मग सूप खाली ठेवून म्हणाली, "आता काय करतं?"

"काकाले सांगा लागन."

"मंग सांगू. मी बी येतो संगं. धुतलं तं दोघीनं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दुकानात गेलो. मी गाठोडं गादीवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. आईचं ऐकलं नाही, तेही सांगितलं. काकांनी हातातला मीटर खाली ठेवला आणि गाठोड्याच्या गाठीवरून हात फिरवला. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"चूक माही बी हाये," ते म्हणाले. "न पाह्यता 'आण' म्हणलं म्या." आणि त्यांनी घरातून काकींना हाक मारली.

काकींनी गाठोडं सोडलं. पहिलं वेष्टन उलगडलं, दुसरं उलगडलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्याला त्यांचा हात थांबला. हिरव्या रंगाचं, बारीक तांबड्या रेघांच्या काठाचं होतं ते. मळ होता तोवर त्याचा रंग हिरवा आहे हेसुद्धा कुणाला दिसलं नव्हतं.

"हे माह्या सासूच्या लुगड्याचं," काकी म्हणाल्या. "उरलेल्या कापडाचा माह्या नंदेले परकर शिवला होता. थ्या परकरातला फोटो हाये घरी."

मग त्या दुकानात जे झालं ते मी आजवर विसरलेले नाही. काकींनी आजूबाजूच्या घरांतून चार-पाच म्हाताऱ्या बायकांना बोलावून आणलं. त्या गादीवर मांडी घालून बसल्या आणि बावीस कापडं हातोहात फिरू लागली. कुणी काठ चाचपला, कुणी पदराच्या टोकाची वीण डोळ्याशी नेली. कुणाला आजीचं लुगडं आठवलं, कुणाला मावशीचं. एकीनं एका कापडावर हक्क सांगितला आणि दुसरीनं तो खोडून काढला. दोघी अशा हमरीतुमरीवर आल्या की काकांनी सगळ्यांना चहा मागवला. गिऱ्हाइकं पायरीवरून परत गेली. आई एका बाजूला बसून कुठलं सूत हातमागाचं आणि कुठलं गिरणीचं ते सांगत होती, आणि बायका तिचं ऐकत होत्या.

संध्याकाळपर्यंत सात कापडांच्या बायका सापडल्या. पंधरा सापडल्या नाहीत. त्या पंधरा माझ्या हातून गेल्या, त्याला काही इलाज नाही. इथं 'जे होते ते बऱ्यासाठी' वगैरे मी म्हणणार नाही.

मी मॅडमना म्हटलं की मला विषय बदलून द्या. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्याही, चांगल्याच. मग म्हणाल्या, "विषय तोच ठेवा. सात नावं कशी सापडली ते लिहा. पंधरा कशी गेली तेही लिहा, कुणाच्या हातून गेली तेही. इतिहासात असं धुणं रोज होतं, पण धुणारा कधी सही करत नाही. तुम्ही करा."

सरांनी माझी भाषा तपासून दिली. धुण्याच्या पानावर त्यांनी एकही खूण केली नाही. फक्त म्हणाले, "मॅडमना सांगू नका, पण तांदळाचं दुकान विचारायला हवं."

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी नेमकं तेच पान उघडलं. "हे वगळलं असतं तर कुणाला कळलं नसतं."

"आईला कळलं असतं, सर," मी म्हटलं.

ते हसले आणि त्यांनी पान उलटलं. मला चांगले गुण मिळाले, आणि पुढं त्याच जोरावर नोकरीही. त्या वर्षानं मला जे दिलं ते मी कुणाकुणाचं मोजू? काकांनी कपाट माझ्यासाठी बंद केलं नाही. मॅडमनी मला पळू दिलं नाही. काकींनी तर मला एक शब्द लावला नाही. मी फार नशीबवान निघाले, आणि हे मी त्यांना अजून नीट सांगितलेलं नाही.

पुढच्या श्रुतपंचमीला काकींनी निरोप पाठवला, येताना आईलाही आण. आम्ही गेलो तर त्यांनी ती सात वेष्टनं, सुई आणि तांबडा दोरा काढून ठेवलेला. शाईवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. मी पेन्सिलनं कोपऱ्यात नावं लिहायची आणि आईनं त्यावर टाके घालायचे, असं ठरलं. आईचा टाका बारीक, आणि अक्षर येत नसल्यामुळे ती वळण न् वळण माझ्यापेक्षा काळजीनं गिरवत होती. सात झाली. मग काकींनी बेवारस पंधरातलं एक कापड तिच्यापुढं सरकवलं.

"ह्याच्यावर तुमचं टाका, बाई."

"माहं कायले?" आई म्हणाली. "कापड म्या थोडी देलं."

"धुतलं ना?" काकी म्हणाल्या, आणि दोघी पोट धरून हसल्या.

मी पेन्सिलनं आईचं नाव लिहिलं. ती तासभर मान वर न करता बसली. शेवटची गाठ मारून तिनं दोरा दातानं तोडला आणि कापड माझ्यापुढं धरलं.

"वाच."

मी वाचलं.

"आणखी एकदा."

मी पुन्हा वाचलं. तिनं कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, टाके दोन्ही हातांनी ताणून पाहिले आणि कापड काकींच्या हातात दिलं. "आता धू म्हणा, ज्याले धुवाचं थ्याले."