आत्याची नजर

माझी आत्या वेल्ह्याकडच्या एका डोंगरगावात राहते. लहानपणी तापात तिचे कान गेले, पण समोरच्याचे ओठ बघून ती सगळं समजून घेते. तिच्याशी बोलताना तोंड तिच्याकडे करायचं, हे आम्हा भावंडांच्या अंगवळणी पडलेलं.

यंदा भातकापणी उरकल्यावर ती आमच्याकडे भोरला राहायला आली. एका सकाळी म्हणाली, "माजं डोळं गेल्यात वाटतं, पोरी. तुमचं बोलणं आताशा दिसत न्हाई."

मोतीबिंदू असणार, असं मी धरून चालले. रजा काढून तिला नसरापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरीणबाई तिच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या, सावकाश बोलल्या. आत्यानं प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं, वर त्यांचं माहेर कुठलं तेही विचारून घेतलं.

"नजर छान आहे यांची," बाई मला म्हणाल्या. "घरी कुणी समोर बसून बोलतं ना यांच्याशी?"

"हो," मी म्हणाले. तेव्हाही माझ्या हातात मोबाईल होता. ऑफिसच्या ग्रुपवर कुणाचा तरी वाढदिवस चालला होता.

परतीच्या एसटीत आत्यानं काहीतरी विचारलं. मी मान खाली घालूनच उत्तर दिलं. बऱ्याच वेळानं वर पाहिलं, तर ती अजून माझ्याकडेच बघत होती.

"काय म्हणत होतीस?"

"काय न्हाई. तुजं काम हुंदे."

काम नव्हतंच. डोळे तुझे चांगले आहेत, आमचीच तोंडं खाली असतात, हे तिला सांगायला हवं होतं. मी एवढंच म्हणाले, "डॉक्टर म्हणाल्या, नजर चांगली आहे."

"मंग वयानं व्हत असंल," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

घरी आल्यावर मी नवऱ्याला आणि मुलीला सगळं सांगितलं. जेवताना तिघांचे मोबाईल फ्रिजवर ठेवले. आत्या खुलली. शेजारणीच्या म्हशीनं हळदीच्या मांडवात कसा गोंधळ घातला, ते हातवारे करून सांगत होती. मुलगी पोट धरून हसत होती.

तेवढ्यात फ्रिजवर एक मोबाईल वाजला. आत्याला ऐकू आलं नाही, पण आमच्या माना एकदम वळलेल्या तिला दिसल्या. ती बोलायची थांबली.

"बगा की," ती समजुतीनं म्हणाली. "कुणाचं तरी निकडीचं असंल."

सगळ्यात आधी मी उठले.