शिशाची कल्हई

कॉलेजच्या मागच्या अंगाला रसायनशाळेची दोन खोल्यांची बैठी इमारत होती. पुढच्या खोलीत विद्यार्थ्यांचे प्रयोग चालत. मागच्या खोलीत दरबारच्या दवाखान्यातून आणि फौजदारीतून आलेल्या वस्तू तपासल्या जात : कुणाच्या ताटात उरलेला भात, मेलेल्या बैलाचं आतडं, एखाद्या वैदूकडची पुडी. त्यात विष आहे का, आणि असेल तर कुठलं, हे सांगायचं काम आम्हा दोघांचं. एक प्रोफेसरसाहेब आणि दुसरा मी, त्यांचा मदतनीस.

आमचं पटत नव्हतं, असं म्हणणं फार सौम्य होईल. त्या जागेवर त्यांना आपला भाचा पुण्याहून आणायचा होता. महाराजांनी मागासलेल्या लोकांसाठी नोकऱ्या राखल्या आणि भाच्याऐवजी मी, एका कल्हईवाल्या मुसलमानाचा पुतण्या, तिथे येऊन बसलो. पहिल्याच दिवशी साहेबांनी कोपऱ्यातला माठ दाखवला. म्हणाले, "हा माझा. तुम्ही तुमची सोय बघा." त्यानंतर मी रोज घरून तांब्या नेत असे. मीही काही साधा नव्हतो. फळ्यावर त्यांचं गणित चुकलं की मी ते पूर्ण होऊ द्यायचो आणि मग भर वर्गात चूक दाखवायचो.

विलायतेत लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. गावातल्या एका बोर्डिंगातले विद्यार्थी आजारी पडू लागले. पोटात पीळ पडायचा, अन्न नकोसं व्हायचं, चेहरे पांढरे पडलेले. तिथली स्वयंपाकीण गारगोटीकडची, विधवा, जिभेने फार तिखट. आठवडाभर आधी आमटीवरून तिचं आणि व्यवस्थापकाचं कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि तिने भर पंगतीत "तुमच्या पोटात कळा उठतील," असं म्हटलं होतं. तेवढं पुरलं. व्यवस्थापकाने, बाईने आमटीत सोमलाचं विष घातलं, अशी फिर्याद दिली. बाईला चावडीत बसवलं, आणि आमटीचं पातेलं फडक्याने तोंड बांधून, लाखेची मोहोर लावून आमच्या टेबलावर आलं.

साहेबांनी जस्त आणि तेजाब घालून सोमलाची परीक्षा लावली. ज्योतीवर चिनी मातीची बशी धरली. सोमल असता तर बशीवर काळा आरसा उमटला असता. बशी पांढरीच राहिली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पांढरीच.

"तेजाब जुनं असेल," साहेब म्हणाले.

"तेजाब परवाच फोडलंय. सोमल नाहीच त्यात."

"तुम्हाला विचारलं नाही मी. बाई स्वतः बोलून गेलीय."

लघवीचे नमुने आणायला त्यांनी मला दवाखान्यात पिटाळलं. तिथे एका मुलाने बाटली धरायला हात पुढे केला, तर त्याचं मनगट मोडल्यासारखं खाली लोंबत होतं. ते वर उचलायला त्याला दुसरा हात लावावा लागला. मी त्याला तोंड उघडायला सांगितलं. दातांच्या मुळाशी, हिरड्यांच्या कडेला, शाईने ओढावी तशी निळसर रेघ होती. शेजारच्या खाटेवरच्याच्या तोंडातही तीच. ही रेघ मी पुस्तकात वाचली होती, डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती.

परत आलो तेव्हा साहेब घरी गेले होते. मी पातेलं रिकामं केलं, आतली कल्हई सुरीने खरवडली आणि नायट्रिक ॲसिडमध्ये टाकली. कथलाचा पांढरा चोथा खाली बसला. वरचं पाणी गाळून त्यात आयोडाइडचे थेंब सोडले. नळी हळदीसारखी पिवळी झाली. शिसं. हिरड्यांवरची निळी रेघ त्याचीच. आमटीतला चिंचेचा कोळ रोज थोडं थोडं शिसं उतरवून घेत होता आणि पोरं ते भाताबरोबर खात होती.

पातेलं धुऊन पालथं घातलं तेव्हा कडीखाली छिन्नीने मारलेले तीन ठिपके दिसले. गावात ही खूण एकाच माणसाची होती. माझे आईवडील प्लेगात गेल्यावर ज्या चाचांनी मला सांभाळलं, शाळेत घातलं, माझ्या शिक्षणापायी आपल्या पोरीचं लग्न दोन वर्षं पुढे ढकललं, त्या चाचांची.

मी तसाच गंगावेशीत गेलो. चाचा दुकानापुढे बसून हंडा तापवत होते. चाची भाता ओढत होती.

"चाचा, बोर्डिंगच्या भांड्यांना कल्हई तुम्ही केलीत?"

"व्हय. दिवाळीच्या आधी केलती. का रं?"

"त्यात शिसं निघालंय."

भाता थांबला. चाचांनी हंडा बाजूला ठेवला. त्यांच्या पुढ्यात कथलाची कांडी पडली होती. ती मी उचलली आणि कानाशी धरून वाकवली. चांगलं कथील वाकवलं की करकर आवाज करतं, हे मला कॉलेजने नाही, चाचांनीच शिकवलं होतं. ही कांडी गपगार वाकली.

"मुकं हाय त्ये," चाचा म्हणाले. "मला काय कळत न्हाय व्हय? लढाई लागल्यापास्नं बाजारात ह्येच येतंय. समदे कल्हईवाले ह्येच लावत्यात. म्या एकट्यानं काय भट्टी इझवून बसू?"

"पोरांच्या पोटात गेलंय ते. एकाचा हात लुळा पडलाय."

"मग सायबाला सांग की, काय बी निघालं न्हाय म्हणून. तुझ्याच हातात हाय न्हवं?"

"आणि चावडीत बसलेली ती बाई?"

"ती तुझी कोण लागती? तुला वाढवला कुणी, तिनं का म्या?"

"वाढवलंत म्हणून खोटं लिहू?"

चाचांनी हातातली सांडशी फेकली. ती माझ्या कानाजवळून जाऊन खांबावर आदळली. चाची "या अल्ला" म्हणत उठली. "जा! लिही!" चाचा ओरडले. "पुन्यांदा ह्या दारात पाय ठेवलास तर तंगडं मोडीन!" मी जाताना ती कांडी खिशात घातली. त्यांनी ते पाहिलं, पण अडवलं नाही.

चाचा ज्याच्याकडून कथील घेत, त्या व्यापाऱ्याकडून वाटेत मी तसलीच एक कांडी घेतली. सकाळी दोन्ही तपासल्या. दोन्हींत सारखंच शिसं होतं.

साहेबांपुढे सगळे कागद ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. "कल्हईवाला कोण आहे, माहीत आहे?"

"माझे चाचा आहेत."

त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी आजवर विसरलेलो नाही. स्वयंपाकीण विसरले, सोमल विसरले. लगेच अहवाल लिहायला बसले. चाचांचं नाव ठळक अक्षरांत घातलं आणि म्हणाले, "खाली तुमचीही सही करा. शोध तुमचाच आहे."

"करतो. पण व्यापाऱ्याच्या कांडीचाही उल्लेख पाहिजे."

"आपल्याकडे पातेलं आलं होतं. दुकान आलं नव्हतं."

"विष दुकानातून आलंय."

"ते ठरवायला तुम्हाला कुणी नेमलेलं नाही." असं म्हणून त्यांनी व्यापाऱ्याच्या कांडीचा माझा कागद टराटरा फाडला आणि केराच्या टोपलीत टाकला.

मी सही केली. मग त्यांच्यासमोरच टोपलीतले तुकडे गोळा केले, पुन्हा सगळं नवीन कागदावर उतरवलं, दोन्ही कांड्या बरोबर घेतल्या आणि सरळ दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. साहेबांना डावलून वर जाणं हा गुन्हाच होता. डॉक्टरांनी व्यापाऱ्याची कांडी हातात घेऊन वाकवली, कान लावला, आणि कागद दरबारात पाठवून दिला.

व्यापाऱ्याचा सगळा माल जप्त झाला. बोर्डिंगांची भांडी नव्याने कल्हई करून घेतली गेली. चाचांची हत्यारं सरकारजमा झाली आणि दरबारच्या कुठल्याही भांड्याला हात लावायची त्यांना बंदी झाली. मुलं हळूहळू बरी झाली. लोंबत्या मनगटाच्या मुलाचा हात मात्र पुरता सुधारला नाही. तो मुलगा पुढे डाव्या हाताने लिहायला शिकला.

सुटल्यावर स्वयंपाकीण एकदा रसायनशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. आभार मानायला आली असेल, असं मला वाटलं.

"तूच व्हय त्यो पुतण्या?" ती म्हणाली. "तुझ्या घरच्यानं केलं आणि चार दिस चावडीत म्या बसले. गारगोटीपतूर बभ्रा झाला, बाईनं पोरांस्नी विख घातलं म्हणून. आता मला कोण चुलीपाशी उभं करतंय?"

"बाई, मीच तर शोधून काढलं..."

"काढलंस तर काय उपकार केलास? व्हय?" ती पायरीवर थुंकली आणि निघून गेली. तिचं खोटं नव्हतं. तिला नंतर गावात काम मिळालं नाही, एवढंच मला कळलं.

साहेबांनी माझ्या बदलीसाठी तीन अर्ज केले. दरबारने तिन्ही परत पाठवले. त्यानंतर ते माझ्याशी तोंडाने बोलायचेच थांबले. काम सांगायचं असलं की चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवत. मी उत्तर तिच्याच पाठीवर लिहीत असे. विद्यार्थ्यांना त्याची गंमत वाटायची. आम्हाला दोघांनाही वाटत नव्हती.

ईदला मी चाचांकडे गेलो. तंगडं मोडलं तर मोडो, म्हणून गेलो. चाचा आता मोडकी कुलपं दुरुस्त करत होते. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "या पावणं. बसा." अनोळखी गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. चाचीने शीरखुर्म्याची वाटी आणून ठेवली आणि आत गेली. मी जवळ सरकून म्हणालो, "चाचा, व्यापाऱ्याचं नाव मी लिहिलं. तुमच्या एकट्यावर येऊ दिलं नाही."

"बरं केलंसा," चाचा म्हणाले. कुलपात किल्ली घालून ते ती फिरवत राहिले. "तुमास्नी उशीर हुत असंल."

पुढच्या ईदला पुन्हा गेलो, पुन्हा "पावणं" ऐकून आलो. तिसऱ्या वर्षी मी गेलो नाही. लिहिलं ते चूक होतं, असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण राग चाचांचा होता तसा माझाही होता. मुकं कथील हातात धरून त्यांनी ते पोरांच्या भांड्यांना लावलं, जाणूनबुजून लावलं, हे मी त्यांना कधी माफ केलं नाही. ते गेले तेव्हा मला निरोप आला तो चुलतबहिणीच्या सासरहून, दफन होऊन गेल्यावर. मी त्या दिवशी कामावर गेलो. टेबलावर साहेबांची चिठ्ठी होती : एका विहिरीचं पाणी आलं आहे, तपासून ठेवणे.