कवडी दही आणि चार शॉकअप

स्वस्थ बसणं म्हणजे काय, हे माझ्या मामाला कुणी समजावून सांगितलंच तर तो ते उभ्यानेच ऐकेल. जेवता जेवता उठून पंख्याचा वेग बदलतो. नाटकाला गेला की मध्यंतराआधीच गाडी जागेवर आहे ना, हे बघून येतो. पण मामीच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि त्याची सगळी चुळबुळ एकट्या गाडीवर येऊन पडली. मामीची आई लोणी काळभोरला अंथरुणाला खिळलेली, आणि इथे प्रत्येक गतिरोधकावर मामीच्या पाठीत कळ. एकदा तर हडपसरहूनच परत फिरावं लागलं. त्या दिवसापासून मामा गाडीखाली.

आधी त्याने मऊ स्प्रिंगा बसवल्या. धक्के जिरवणारे शॉकअप मात्र जुनेच, त्यामुळे एका खड्ड्यानंतर गाडी पुढच्या चौकापर्यंत डुलत राहायची. मग शॉकअप आणले ते इतके कडक, की स्प्रिंगा असून नसल्यासारख्या. "नुसती स्प्रिंग चांगली असून भागत नाही रे, शॉकअपशी तिचं जमलं पाहिजे," असं तो लग्न जुळवणाऱ्यांच्या सुरात सांगू लागला. परीक्षा दह्याची. घट्ट लागलेल्या कवडी दह्याचा डबा शेजारच्या सीटवर ठेवून कात्रजला जाऊन यायचं. दही मोडलं की जोडी नापास. मेकॅनिकने शेवटी हात जोडले. "काका, ह्याच्यापेक्षा मऊ पाहिजे आसंल तर पाळणाच घ्या!" सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत रोज ताक वाटलं जाऊ लागलं, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी शांतपणे विचारलं, "गाडी विकून म्हैस घेतलीत का?"

अखेर एका सकाळी कवडी शाबूत परत आली. मामाने त्याच पावली मामीला गाडीत बसवलं, डबा तिच्या मांडीवर दिला, मी मागे. "दुखतंय का?" "अहो, समोर बघा." थोडं पुढे जाऊन पुन्हा तेच. एका खड्ड्यात मामीने ओठ घट्ट मिटले, ते फक्त मला आरशात दिसलं.

लोणीला पोचताच मामा वाकून चाकं तपासू लागला. मामीने हळूच झाकण उचललं. दही पार मोडून पाणी सुटलं होतं. ती भिंत धरत आत गेली. "आलीस व्हय गं?" आईने हात पुढे केला. तो हात हातात घेऊनच मामी भावजयीला म्हणाली, "वहिनी, आधी रवी आणा."

मामा आत आला तेव्हा ताक तयार होतं. "कवडी?"

"जशीच्या तशी होती. आईला ताक हवं होतं, म्हणून घुसळलं."

मामा ओसरीवर बसला. चक्क बसला, ऊन उतरेपर्यंत. दोघांबद्दलही मला फार माया वाटली, आणि मी ताक पिऊन टाकलं.

मामीची आई आता नाही. मामा मात्र अजून भेटेल त्याला ती जोडी सुचवतो आणि त्या दह्याचा दाखला देतो. मामी शेजारी असली की म्हणते, "हो ना, जरासुद्धा मोडलं नव्हतं."