क्लोनिंगला धाकट्या मामांची हरकत

माणसाची हुबेहूब प्रत काढावी की काढू नये, या प्रश्नावर जालना जिल्ह्यात जेवढा खल झाला आहे तेवढा जगातल्या कुठल्याही विद्यापीठात झाला नसेल, आणि त्याचं सगळं श्रेय माझ्या बायकोच्या धाकट्या मामांना आहे. भोकरदनच्या एका शाळेत त्यांनी तीसेक वर्षं विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर ते वडीगोद्रीजवळच्या आपल्या गावी येऊन राहिले. परदेशात एका मेंढीपासून तिच्यासारखीच दुसरी मेंढी तयार केल्याची बातमी पेपरात आली तेव्हा त्यांच्या नोकरीला पाच-सात वर्षं झाली होती. घराणं मूळचं मेंढपाळांचं, त्यामुळे ती त्यांना घरचीच बातमी वाटली. पेपर घेऊन ते तडक गावी आले आणि रानात कळपामागे असलेल्या थोरल्या भावाला त्यांनी ती वाचून दाखवली. थोरल्या मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मेंढीला मेंढीसारखंच पिल्लू झालं. ह्यात छापण्यासारखं काय हाये?"

पण या विषयानं धाकट्या मामांना झपाटलं त्याचं कारण मेंढी नव्हती. ते आणि थोरले मामा जुळे. नाक, टक्कल, चालताना डावा खांदा पाडायची सवय, सगळं सारखं. थोरले फक्त पाव तासानं थोरले, पण तेवढ्यासाठी धाकट्यांनी त्यांना आयुष्यभर दादा म्हटलं. "मी जलमानंच क्लोन हाये," अशी ते अनोळखी माणसाला स्वतःची ओळख करून देत. जालन्याच्या बसमध्ये जो कुणी त्यांच्या शेजारी बसे त्याला अंबड येईपर्यंत पेशीची रचना आणि जालना येईपर्यंत नीतिशास्त्र समजलेलं असे. थोरल्या मामींनी लग्नाच्या पहिल्या वर्षी भर बांधावर दिरालाच नवरा समजून चांगलं अर्धा तास झापलं होतं. मामांनी खाली मान घालून ते सगळं ऐकून घेतलं, का तर "मधी बोललो असतो तर वहिनीला लाजल्यासारखं झालं असतं." कळपातलं कुत्रं तेवढं कधी फसलं नाही. ते थोरल्यांच्या पायाशी लोळायचं आणि धाकट्यांवर भुंकायचं. मामा म्हणत, दोघांचा आत्मा वेगळा असल्याचा एवढा एकच पुरावा आजवर आपल्या हाती लागलेला आहे.

त्यांच्या घरी गेलं की पुढ्यात मोसंबी येई, पण ती लगेच खायची सोय नसे. आधी कलम कसं बांधतात, या बागेतली सगळी झाडं म्हणजे मुळात एकच झाड कसं, आणि तुम्ही आत्ता सोलताय ती मोसंबी तुमच्या आजोबांनी खाल्लेल्या मोसंबीची सख्खी प्रत कशी, हे ऐकावं लागे. एकदा थोरले मामा समोर बसून फोडी खात होते. ते मधेच म्हणाले, "मोसंबीचं येगळं हाये. तिला कुठं न्हाई म्हणता येतं?" धाकटे मामा बोलता बोलता थांबले. मग उठून आत गेले आणि हे वाक्य त्यांनी वहीत लिहून ठेवलं. त्या दिवसापासून त्यांची क्लोनिंगवरची हरकत पक्की झाली: जो माणूस दुसऱ्याच्या उपयोगासाठी म्हणून घडवला, त्याला नाही म्हणता येत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या 'हो'ला काही अर्थ नाही.

ही हरकत घेऊन ते जिल्हाभर हिंडले. सप्त्यात कीर्तन संपल्यावर त्यांनी महाराजांना गाठलं आणि विचारलं, "माणसाची प्रत काढली तर तिला प्रारब्ध मूळ माणसाचं लागंल का नवीन?" महाराज घामेजले होते, उपरणं झटकत म्हणाले, "गुर्जी, आधी अस्सल माणसाचं तर फिटू द्या." भोकरदनला एक वृद्ध मौलवी त्यांचे स्नेही होते. त्यांनी दोन तास ऐकून घेतलं आणि "रूह देना ऊपरवाले का काम है मास्टरसाब, आप चाय पियो" म्हणून चहा मागवला. जालन्याच्या पाद्रींनी मात्र वहीतलं वाक्य दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, माणूस बनवायचा नसतो, तो मिळायचा असतो. मामा त्या दिवशी इतके खूश होते की येताना आमच्या घरी राहिले आणि जेवताना ते वाक्य आम्हाला चार वेळा ऐकवलं. त्यांना निरुत्तर केलं ते फक्त शाळेतल्या गणिताच्या सरांनी. ते बौद्ध. त्यांनी एवढंच विचारलं, "आत्माच नाही, तर प्रत कशाची काढता?" त्यानंतर मामा दोन दिवस गप्प होते, असं धाकट्या मामी आजही आनंदानं सांगतात.

तीन वर्षांपूर्वी थोरल्या मामांच्या पायांवर सूज आली. अंगात ताकद राहिना. तपासण्या झाल्या आणि दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्याचं कळलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जालन्याला यावं लागे, आणि चार तास यंत्राला बांधून घेण्यापेक्षा मेंढरांमागं मेलेलं बरं, असं ते म्हणू लागले. डॉक्टरांनी धाकट्या मामांना पाहिलं तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठलेच. जुळा भाऊ, एकाच बीजाचा. अशी किडनी शरीर परकी मानत नाही, याहून चांगला दाता सापडणार नाही, असं त्यांनी सांगितलं. धाकटे मामा तिथल्या तिथं म्हणाले, "घ्या मंग. जल्दी घ्या."

थोरले मामा म्हणाले, "मला नको."

आम्हाला वाटलं, घाबरले असतील. तसं नव्हतं. घरी आल्यावर ते पलंगावर टेकले आणि भावाला म्हणाले, "पंचवीस वर्सं तूच सांगून राह्यला ना, माणूस सुट्या भागासाठी नसतो? मंग मला वाचवायला तू जलमला का?" महाराज, मौलवी, पाद्री यांच्याशी वाद घालून तासलेली धाकट्या मामांची सगळी हत्यारं भावानं त्यांच्यावरच उलटवली होती. त्यांनी बरंच समजावलं. भाऊ वेगळा, क्लोन वेगळा. जबरदस्ती वेगळी, माया वेगळी. थोरल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आठ दिवस इथनं जा. तुला न्हाई म्हणता येतं का ते बघ. खरंखुरं. तसं म्हणता आलं, आन् तरी तू आला, तर मी घेतो."

ते आठ दिवस धाकटे मामा जालन्यात आमच्याकडे होते. घरात एवढी शांतता आम्ही कधी अनुभवली नव्हती. बायकोला वाटलं, ते रुसलेत. मामांनी धाकट्या मामींना फोन करून विचारलं, तुला काय वाटतं, तर मामी म्हणाल्या, "मी काय बी म्हणले तर तो दबाव व्हईल. तुम्हीच शिकवलंय." मग त्यांनी फोनही बंद केला. पाचव्या दिवशी दुपारी चहा घेताना ते अचानक म्हणाले, "जावईबापू, मला लई भ्याव वाटून राह्यलं." मी कप खाली ठेवला. ते म्हणाले, "पहिल्या दिवशी घ्या म्हणलो ते तोंडातून निघालं. इच्यार न्हवता त्यात. आता रोज पोटावर हात ठिवून झोपतो. काल तर मनात आलं, न्हाईच म्हणावं. दादानं बी नको म्हणलंय, कुणी नाव ठेवणार न्हाई." त्यांचे डोळे भरून आले होते. "एवढी वर्सं मी लोकायला सांगितलं, माणसाला न्हाई म्हणता आलं पाहिजे. माझ्यातच ते हाये का, हे कधी तपासलं न्हवतं." मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

आठव्या दिवशी सकाळी आंघोळ करून ते म्हणाले, "चला." आम्ही गाडीनं गावी गेलो. घरी थोरले मामा ओट्यावर बसले होते. धाकटे त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "येतं म्हणता. चांगलं येतं. तरी आलोय."

थोरल्यांनी बाजूला सरकून जागा केली. मग म्हणाले, "बस. भाकर खाल्ली का?"

प्रत्यारोपणाआधी संभाजीनगरच्या एका रुग्णालयात दात्याला समितीपुढे जावं लागलं. मी दाराशीच होतो आणि मला खरी काळजी होती ती वेगळीच. समितीत पाच सुशिक्षित माणसं, समोर मामा, आणि विषय देहाचा नि इच्छेचा. आज संध्याकाळपर्यंत कुणी जेवत नाही, असं मी धरून चाललो होतो. समितीतल्या बाईंनी विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?" मामा म्हणाले, "न्हाई." "भीती वाटते?" "वाटते." "तरी देताय?" "हो." दोन मिनिटांत ते बाहेर आले. आयुष्यात त्यांनी दिलेली ही सगळ्यात छोटी उत्तरं असावीत.

शस्त्रक्रिया नीट झाली. महिनाभर आम्ही सगळे जिवाच्या धास्तीत होतो, पण थोरल्या मामांच्या अंगात ती किडनी अशी रुळली की जणू तिथंच होती. आता ते मेंढरांमागं लांब जात नाहीत, पण बांधापर्यंत फिरून येतात आणि मामींशी पूर्वीसारखे भांडतात. धाकटे मामाही बरे आहेत. क्लोनिंगवर कुणी छेडलं तर बोलतात, पण पूर्वीची धार नाही. समोरच्याचं ऐकून घेतात, आणि कधी कधी "तुमचं बी बराबर असंल" असंही म्हणतात. त्यांच्या तोंडून हे ऐकायची आम्हाला अजून सवय झालेली नाही.

मागच्या महिन्यात आम्ही गेलो तेव्हा थोरले मामा दुपारचं जेवून गोठ्याच्या सावलीत खाटेवर झोपले होते आणि धाकटे उशाशी बसून रुमालानं माशा हाकलत होते. मी काहीतरी बोलू लागलो तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. थोड्या वेळानं स्वतःच हळू आवाजात म्हणाले, "एक गोष्ट डोक्यात येऊन राह्यली, जावईबापू. आमच्यातला एक जण आधी जाईल, हे तर बराबर हाये."

मी त्यांच्याजवळ जमिनीवर टेकलो.

"मंग जो मागं राहील," ते म्हणाले, "त्यानं रोज आरशासमोर दाढी कशी करायची?"

खाटेवर थोरल्यांनी कूस बदलली. मामांनी रुमाल क्षणभर हवेतच थांबवला, भावाचा श्वास पुन्हा संथ झाल्याची खात्री केली, आणि मग पुन्हा अलगद माशा हाकलू लागले.