टेम्पोतली शेजारची सीट

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पनवेलच्या बाहेर, गाढी नदीच्या अलीकडे मी भाड्याच्या जागेत रोपवाटिका चालवायचे. कळंबोलीकडच्या नव्या सोसायट्या बागेसाठी रोपं मागत, आणि ती पोचवायला आम्ही एक जुना टेम्पो घेतला होता. तो चालवणारा ओवे गावचा गृहस्थ फार भला. पण एक दिवस म्हणाला, "ताई, गावाजवळच बांधकामावर डंपर मिळालाय. उद्यापासून मला नाय जमणार." त्याच्यानंतर आलेले दोघे फार टिकले नाहीत. मोगरा, जास्वंदीची रोपं पिशव्यांतच वाढून मुळं बाहेर काढायला लागली, तेव्हा मी ठरवलं, टेम्पो आपणच चालवायचा.

नवरा तळोज्याच्या कारखान्यात नोकरीला होता, त्याच्याकडे लायसन्स होतं. मी शिकाऊ लायसन्स काढलं आणि रविवारी आम्ही खारघरच्या बाजूला जाऊ लागलो. तिथे तेव्हा रस्ते आधी झाले होते, घरं व्हायची होती. रुंद डांबरी रस्ता आणि मध्ये एखादी म्हैस, बाकी कोणी नाही. शिकायला याहून चांगली जागा नव्हती. पण गाडी सुरू झाली की नवऱ्याचा आवाजही सुरू व्हायचा. "अगं क्लच, क्लच दाब. ब्रेक कशाला? बघ, बघ, पुढे बघ." एरवी हा माणूस दूध उतू गेलं तरी आवाज चढवत नाही. त्याचा तो स्वर ऐकला की माझे पाय गोठायचे. टेम्पो आचके देऊन बंद पडायचा. एका रविवारी मी रस्त्याच्या मधोमध टेम्पो सोडून उतरले आणि चालत निघाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मला नाही शिकायचं," मी म्हणाले. तो मागून हळूहळू टेम्पो घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोपांना पाणी घालून झाल्यावर मी बंद टेम्पोत जाऊन बसले. राग अजून होता, पण थोडा निवला होता. क्लच, गिअर, रेस, सगळं एकदा करून पाहिलं. पाय कुठेच चुकत नव्हते. मग मी स्वतःला नीट विचारलं, तुला भीती कशाची वाटते? टेम्पोची? नाही. रस्त्याची? तीही फारशी नाही. मी बिचकत होते ते त्या आवाजाला. आणि मी मूर्ख आहे असं मी ठरवून टाकलं होतं, ते त्या आवाजावरूनच. एवढं लक्षात आलं आणि छातीवरचं ओझं निम्मं उतरलं.

संध्याकाळी चहा देताना मी शांतपणे विचारलं, "अहो, माझ्या शेजारी बसल्यावर तुम्हाला काय होतं?"

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "लग्नाआधी एकदा घाटात आमची जीप चढावर बंद पडली. मी चालवणाऱ्याच्या शेजारी बसलो होतो. जीप मागे सरकत गेली ती कठड्याला लागून थांबली. तेव्हापासून दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असलं की माझा जीव खालीवर होतो. तू चुकतेस म्हणून नाही ओरडत मी."

इतक्या वर्षांत हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. मला त्याच्याबद्दल वाईटही वाटलं आणि हायसंही वाटलं. आम्ही दोघंही घाबरत होतो, एवढंच.

"मग असं करू," मी म्हणाले, "पुढच्या रविवारी तुम्ही तोंडात पान ठेवा. बोलायचंच नाही. खरंच धोका दिसला तर हँडब्रेक ओढा."

त्याला हसू आलं, पण त्याने ऐकलं. गाल फुगवून, दोन्ही हात मांडीखाली दाबून तो बसला. मी रेल्वेपुलाच्या चढावर मुद्दाम टेम्पो थांबवून पुन्हा सुरू करायला शिकले, आधी डोक्यात क्रम लावून, मग पायांनी. दोनतीन रविवारांनी मला जाणवलं की तो पानाशिवायच गप्प बसला आहे.

परीक्षा पेणला होती. चाचणी घेणारे साहेब शेजारी बसले आणि नेमका चढावरच टेम्पो बंद पडला. मागून एसटीने हॉर्न लावला तो सोडेचना. मी आधी डोक्यात क्रम लावला. हँडब्रेक ओढला, न्यूट्रल केलं, चावी फिरवली. एसटीला घाई असेल, मला नव्हती. टेम्पो तसूभरही मागे न जाता वर चढला. साहेब एवढंच म्हणाले, "घाबरल्या नाहीत ते बरं केलंत. पास."

बाहेर झाडाखाली नवरा उभा होता. मी मान हलवली तशी तो मटकन कट्ट्यावर बसला आणि रुमालाने तोंड पुसत राहिला. आम्ही वडापाव खाल्ला. मग मी चावी घेऊन चालकाच्या जागी बसले आणि तो शेजारी.

पेणहून निघाल्यावर थोडा वेळ तो समोर बघत होता. खारपाड्याचा पूल ओलांडून मी काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. वळून पाहिलं तर खिडकीला डोकं टेकून तो गाढ झोपला होता. मी गाडी जराशी सावकाश घेतली आणि पनवेलपर्यंत हॉर्न वाजवला नाही.