किल्लीकाकांची निळी खूण

किल्लीकाकांना बंद गोष्ट दिसली की राहवायचं नाही. घट्ट बसलेलं बरणीचं झाकण असो, बॅगेची अडकलेली चेन असो, नाहीतर शेजारच्या घरातलं दाराआडचं भांडण असो. आत काय आहे आणि ते उघडतं कसं, हे कळेपर्यंत या माणसाला चैन म्हणून पडत नसे. बायको म्हणायची, "वर गेलात तरी आधी दाराची कडी हलवून बघाल, मग आत पाऊल टाकाल." काका म्हणायचे, "अगं पण कडी कुठल्या बनावटीची असेल?" आता अशा माणसाशी काय बोलायचं!

दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. उंच गिऱ्हाईक असलं तर मान वाकवून उभं राही. एका बाजूला इस्त्रीवाला, दुसऱ्या बाजूला झेरॉक्स. मधे काका, त्यांचं किल्ली कापायचं मशीन, कानशी आणि सगळ्यांवर पसरलेला पितळेचा भुसा. पण दुकानाचा मान होता तो मागच्या फळीला. त्या फळीवर आकडे ठोकलेले आणि प्रत्येक आकड्याला कुणा ना कुणाच्या घराची जादा किल्ली. दार ओढलं गेलं, किल्ली आत राहिली, की माणसं धावत इथं येत. कुठल्याही किल्लीला चिठ्ठी नाही, नंबर नाही. कुठली कुणाची ते फक्त काकांच्या डोक्यात. नवीन माणूस किल्ली ठेवायला आला की काकांची छाती अशी काही फुगायची, की इस्त्रीवाला मुद्दाम विचारायचा, "काय काका, आज शर्ट घट्ट होतोय का?"

लेक लग्न होऊन दूरच्या शहरात गेली आणि जाता जाता वडिलांच्या फोनवर त्यांचं एक व्हिडिओचं खातं उघडून देऊन गेली. "बाबा, दिवसभर गिऱ्हाइकांना ज्या गमती सांगता ना, त्या इथं सांगा." काकांनी ते फारच मनावर घेतलं. कुलूप का गंजतं, किल्ली फिरते पण दार उघडत नाही ते का, असलं सगळं ते फोन स्टुलावर टेकवून सांगत. गंमत पुढेच होती. कुलूप उघडायची वेळ आली की काका फोन खाली वळवायचे. मग बघणाऱ्याला दिसायचं पायपुसणं, गिऱ्हाइकाच्या चपला, क्वचित एखादं मांजर. आणि आवाज यायचा, टक! झालं, कुलूप उघडलं. लोक खाली लिहायचे, "काका, दाखवा की हो!" काका एकेक अक्षर शोधत उत्तर लिहायचे, "तुमच्या घराचं उघडून दाखवू का सगळ्यांना?"

किल्लीचंही तसंच. त्यांनी कितीही किल्ल्या हातात घेऊन दाखवल्या तरी त्यांच्या खाचा कधी दिसायच्या नाहीत, कारण अंगठा बरोबर खाचांवर बसलेला असायचा. ही वडिलांनी लावलेली शिस्त. लोकांची किल्ली चारचौघांत उघडी धरायची नाही. जाणत्या माणसाने खाचा एकदा नीट पाहिल्या की त्याला पुन्हा किल्ली मागावी लागत नाही. लहानपणी अंगठा सरकला तर टपली बसायची. आता टपली मारणारं कुणी उरलं नव्हतं, पण अंगठा काही जागचा हलत नव्हता.

असं सगळं मजेत चाललं होतं आणि माशी शिंकली.

काका आणि काकू लेकीकडे गेले होते, दुकान बंद. तेव्हाच समोरच्या इमारतीतल्या नर्सबाई ड्युटीवरून आल्या आणि बघतात तर पर्समध्ये किल्ली नाही. जादा किल्ली काकांच्या फळीवर, आणि फळी शटरच्या आत. बिचारीने फोनवर किल्लीकाका असं शोधलं. खातं मिळालं, काकांचाच फोटो, खाली नंबर. तो लावला. एक तरुण आला, गोड बोलला, "काकांनीच पाठवलंय," म्हणाला. चुटकीसरशी दार उघडून दिलं. आतून बाईंनी किल्ली आणली तेव्हा कुलूप तपासायला म्हणून त्याने ती मागून घेतली, फोनसमोर धरली आणि म्हणाला, "आमच्या व्हिडिओसाठी हं." पुढे बाई ड्युटीवर असताना कुणीतरी आरामात दार उघडून आत गेलं आणि त्यांच्या आईच्या बांगड्या घेऊन, दार पुन्हा नीट लावून निघून गेलं. कुलपाला ओरखडासुद्धा नाही.

काका परत आले, शटर वर केलं, तर बाई दारात उभ्या.

"काका, माझी किल्ली द्या."

काकांनी हसून आकड्यावरची किल्ली काढली, अर्थात खाचांवर अंगठा ठेवून. "पुन्हा आत राहिली वाटतं?"

बाईंनी झाला प्रकार सांगितला. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो ताई, माझा माणूस? मला माणूसच नाही! ही फळी, हे मशीन आणि मी. ते खातं माझं नाही हो."

"फोटो तुमचाच आहे. नाव तुमचं आहे. तुम्ही तसे नाही हे मला वाटतं, काका. पण मी कशावरून मानू?" त्या किल्ली मुठीत धरून निघून गेल्या.

बातमीला पाय फुटायला काय वेळ लागतो! झेरॉक्सवाल्याच्या रांगेतून ती गल्लीभर झाली. पोलिसांनी काकांची चौकशी केली, लिहून घेतलं, आणि त्या खात्याचं ॲपवाल्या कंपनीला कळवा म्हणाले. मग एकेक जण यायला लागला. कुणी खोटं कारण सांगत होतं, "पाहुणे येणार आहेत, त्यांना किल्ली लागेल." कुणी कारणही देत नव्हतं. भांडलं कुणीच नाही. एखाद्याने चार शिव्या घातल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. काकांच्या लग्नापासून ज्या आजोबांची किल्ली फळीवर होती त्यांनीही नातवाला पाठवून ती मागवली. फळीवर नुसते आकडे उरले. काका तिकडे पाठ करून बसू लागले.

"काका, निळी खूण घ्या," इस्त्रीवाला म्हणाला. "नावापुढे निळी खूण असली की खातं खऱ्या माणसाचं. मग त्या भामट्याचं पितळ उघडं पडेल."

काकांचे डोळे लकाकले. "ती देतं कोण?"

"कंपनी."

"कंपनीत कोण? मला बघायला येणार का कुणी? मी मीच आहे हे त्याला कसं कळणार?"

"ते मला काय ठाऊक? मी इस्त्री करतो."

काकांना झोप येईना. आत्तापर्यंत सगळी कुलपं दुसऱ्यांची. आणि हे कुलूप असं, की ते उघडल्याशिवाय काका खरे ठरत नव्हते. लेकीने फोनवर एकेक पायरी सांगितली. आधी चेहरा, मग ओळखपत्राचा फोटो. फोन सांगेल तशी मान वळवायची. काका दुकानात बसून मान डावीकडे, उजवीकडे, वर, खाली करायला लागले, तेव्हा एक गिऱ्हाईक कळवळून म्हणालं, "अवघडलीय का हो? शेकून घ्या." मग काकांनी ओळखपत्र हातात धरून फोटो काढला आणि पाठवला. त्या दिवशी ते फोनकडे असे बघत होते, जणू आतून कुणी कडी काढणार आहे.

उत्तर आलं: तुमची ओळख पटली नाही.

बस्स, एवढंच. का नाही पटली, कशामुळे, काही नाही. काका चक्रावले. "अगं, कुलूपसुद्धा सांगतं," ते बायकोला म्हणाले. "अडकलं तर कुठे अडकलं ते हाताला कळतं. हे गप्पच!"

त्यांनी दिवा बदलला. उत्तर तेच. ओळखपत्रातल्या फोटोत मिशी आहे, आता नाही, म्हणून मिशी वाढवली. बायको म्हणाली, "छान! आता मीसुद्धा ओळखणार नाही." उत्तर तेच. इस्त्रीवाल्याने शर्टाला कडक इस्त्री करून दिली, कॉलर कानाला टोचेपर्यंत. उत्तर तेच. लेक तिकडून सांगे, "बाबा, सगळी अक्षरं स्पष्ट दिसताहेत ना?" काका चिडून म्हणत, "मला दिसताहेत की!" आणि दिसत होतीच ना, ओळखपत्र त्यांना पाठ होतं.

पण मनातून ते खचत चालले होते. जेवताना एकदा म्हणाले, "इतक्या वेळा नाही म्हणतंय, म्हणजे काहीतरी असेलच ना गं माझ्यात? मी नसेन कदाचित तो." बायकोने वाढता वाढता हात थांबवला. असलं बोलणं तिने त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"आणा तो फोन इकडे," ती म्हणाली. फोनला ती 'माझी सवत' म्हणायची आणि बोटसुद्धा लावायची नाही. चष्मा लावून तिने पाठवलेले फोटो बघितले. एक बघितला, दुसरा बघितला, आणि कपाळाला हात लावला.

"अहो, हा अंगठा कुणाचा?"

"कुठला अंगठा?"

"हा! नंबर आणि अर्धं नाव खाऊन बसलाय तो! प्रत्येक फोटोत! अहो, ते ओळखपत्र आहे, किल्ली नाही!"

काका बघतच राहिले. खरंच की. मिशी वाढवली होती, दिवा बदलला होता, कॉलर टोचून घेतली होती, आणि अंगठा मात्र आपला वडिलांनी सांगितलेल्या जागी ठाण मांडून बसला होता. बायकोला हसू आवरेना. काका पण हसले, इतके हसले की ठसका लागला, आणि ठसका थांबला तरी डोळे पुसतच राहिले.

पुन्हा फोटो काढायला बसले तर अंगठा हलेना. हलवायचा म्हटलं तरी हलेना! सरकवला की आपोआप परत येई. शेवटी बायकोने ओळखपत्र आपल्या दोन बोटांत कडेने धरलं. "तुम्ही नुसतं बटण दाबा." काकांना कसंतरीच झालं, चारचौघांत शर्ट काढल्यासारखं. "दिसतंय गं सगळं," ते पुटपुटले. "दिसू द्या. चोर थोडेच आहात?" बायको म्हणाली.

निळी खूण आली. केवढी, तर मुगाच्या दाण्याएवढी. काकांनी ती मोठी करून बघितली, दुरून बघितली, इस्त्रीवाल्याच्या फोनवर बघितली. खूण तशीच होती. लेकीने तिकडून सगळीकडे कळवलं, त्या खोट्या खात्याचा तपास सुरू झाला. इस्त्रीवाल्याने चहा पाजला. "आता बघा काका, रांग लागेल!"

कसली रांग? लोक जाता जाता म्हणत, "अभिनंदन काका, बघितलं हो," आणि पुढे जात. फळी रिकामी ती रिकामीच. काकांना प्रश्न पडला: मग उघडलं काय? कंपनीने ओळखलं, जिला मी कधी बघितलं नाही. आणि ज्यांच्या दारांची कडीन् कडी मला माहीत, ते कधी ओळखणार? राग नव्हता त्यांना. खरोखरच कळत नव्हतं. कानस हातात धरून तसेच बसायचे. बायको दुपारी डबा द्यायला यायची, ती फळीकडे बघायची नाही.

अशाच एका दुपारी नर्सबाई आल्या. ड्युटीचेच कपडे, पायांत तेच पांढरे बूट. मान वाकवून आत आल्या.

"कुलूप बदललं मी," म्हणाल्या.

"बरं केलंत, ताई."

"तुमच्या नावापुढे खूण दिसली, म्हणून दोन्ही खाती उघडली. त्या दुसऱ्याच्या व्हिडिओत माझी किल्ली आहे, काका. अगदी स्वच्छ. सगळ्या खाचा दिसतात. मग तुमचे बघत बसले. सगळे बघितले. पायपुसणी बघितली, चपला बघितल्या. एका ठिकाणी माझ्याही चपला आहेत. पण किल्लीच्या खाचा एकाही व्हिडिओत दिसत नाहीत. कुणाच्याच नाहीत. तुमचा अंगठा तेवढा दिसतो."

काकांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"मी तुम्हाला कशावरून मानू म्हणाले होते ना? चुकलं माझं. इतकी वर्षं समोर राहते, आणि नीट बघितलं ते आत्ता."

त्यांनी पर्समध्ये हात घातला आणि नव्या कुलपाची जादा किल्ली बाहेर काढली. काकांसमोर धरली. खाचांवर अंगठा ठेवून, नखाचं टोक पांढरं पडेपर्यंत घट्ट दाबून. दुकानात तिसरं कुणी नव्हतं.

काकांनी आपला अंगठा बाईंच्या अंगठ्याच्या जागी सरकवत किल्ली घेतली. मग फळीकडे वळून त्यांच्याच जुन्या आकड्याला ती लावली, आणि लावून झाली तरी बराच वेळ इकडे तोंड केलं नाही.