मॉडेलमध्ये सासू नाही

आमच्या साइट ऑफिसात मी रोज दोनदा केर काढते. केर सुपलीत भरून बाहेर टाकता येतो, किस्से टाकता येत नाहीत. चार वर्षांत एवढे साचलेत की कुणी समोर बसलं की आपोआप सांडायला लागतात. तर ऐका. चहा घ्या आणि मध्ये बोलू नका!

आधी जागा सांगते. बदलापूर पूर्वेला शिरगावात आमचा प्रोजेक्ट उभा राहतोय. आमचा म्हणजे बिल्डरचा. माझं काम झाडणं, पुसणं, कस्टमरला चहा देणं. ऑफिसात आम्ही तिघं. एक सर, म्हणजे सेल्स मॅनेजर, शर्टाची इस्त्री कधी मोडत नाही. दुसरी काजल, उल्हासनगरची सिंधी पोरगी, ती फ्लॅट दाखवते. तिसरी मी, मालनताई. शाळा चौथीपर्यंत. तोंडाची शाळा अजून चालू आहे, असं काजल म्हणते.

ऑफिसच्या मधोमध टेबलावर मॉडेल आहे. सात बिल्डिंगी, हिरवी झाडं, निळं तळं, नखाएवढी माणसं. अख्खा प्रोजेक्ट एका टेबलावर! आणि मागच्या बाजूला सँपल फ्लॅट, वन बीएचके. "डिट्टो असाच मिळणार!" हे सर दिवसातून वीस वेळा म्हणतात. तो डिट्टो रोज मी पुसते. तेव्हा त्यातलं जे मला माहीत, ते सरांनाही नाही.

अजून एक गोष्ट ध्यानात ठेवा. माझ्या निलेशचं लग्न ठरलंय. तो आनंदनगरला एका कंपनीत आहे. मुलगी पूजा, उल्हासनगरला कॅम्प पाचात जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर. हो, बाई असून मास्तर! दोघं कधीपासून फ्लॅट बघत फिरत होती. त्या फ्लॅटमध्ये मी असणार का, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. पोराला विचारायला मी काय भाडेकरू आहे?

\*

एकदा एक रिटायर्ड काका आले. मॉडेलवर बोट ठेवून म्हणाले, "हे तळं कुठे आहे?"

सर म्हणाले, "प्रपोज्ड आहे, काका."

काकांना काही कळेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फडकं मारत होते. म्हटलं, "जुलैमध्ये या काका. तेव्हा पार्किंगमध्येच असतं."

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "ताई, तुम्ही मॉडेल फक्त पुसा. समजावून सांगू नका."

बरं! मग पुढच्या रविवारी त्याच मॉडेलवर, क्लब हाऊसच्या छपरावर, एक पाल येऊन बसली. चांगली वीतभर. एका कस्टमरचा पोरगा ओरडला, "मम्मी, डायनासॉर!" त्याची मम्मी दोन पावलं मागे. मी हातात झाडू घेऊन गप्प. मला समजावून सांगायला मनाई होती ना!

सर एक सेकंद अडखळले नाहीत. "बघा मॅडम, नेचरच्या किती जवळ आहे आपला प्रोजेक्ट!"

\*

त्या मॉडेलमधली माणसं सारखी निघतात. मीच ती परत चिकटवते. बॅगवाला बाप्या आहे, बाबागाडीवाली बाई आहे, पळणारा एक तरुण आहे, कुत्रासुद्धा आहे.

एक दिवस सरांना विचारलं, "सर, यात सासू कुठे आहे?"

"काय?"

"म्हातारं माणूसच नाही एकही. सात बिल्डिंगी, आणि एका घरात सासू नाही?"

"ताई, हे मॉडेल आहे."

म्हटलं, "तेच तर म्हणते मी!"

\*

आता पलंगाचं. काजलला एका दुपारी चक्कर आली. उपास धरतात आणि पाणीही पीत नाहीत या पोरी! मी तिला सँपल फ्लॅटमधल्या पलंगावर आडवी केली, तर पोटऱ्या बाहेर! काजल काही ताडमाड नाही. मग मी नीट बघितलं. पलंग छोटा. सोफा छोटा, एका हाताने उचलता येईल असा. कपाटात हँगर अडकवा, दार लागणार नाही.

सर म्हणाले, "ताई, याला टेक्निक म्हणतात. सामान छोटं केलं की खोली मोठी दिसते."

दारं तर काढूनच टाकलीत. बेडरूमला नाही, बाथरूमला नाही, मेन एन्ट्रीलाही नुसता पडदा. एका बाईने बाथरूमसमोर उभं राहून विचारलं, "याचं दार?"

"ओपन कन्सेप्ट आहे मॅडम."

"अहो, आमच्याकडे सासरे आहेत!"

पण खरी मजा हा पलंग आला त्या दिवशीची. उल्हासनगरच्या फर्निचरवाल्याने माप ऐकून पलंग बनवला, आणि शेठ स्वतः टेम्पोतून आला. प्रेमळ माणूस. पलंग लावून झाला, उशीवर हात फिरवला, आणि सरांना म्हणाला, "साईं, बच्चा कितने साल का है?"

\*

आमच्या बोर्डावर लिहिलंय, "स्टेशन फक्त ७ मिनिटांवर". मोठ्या अक्षरात, बाजूला हसणारी फॅमिली.

काजल रोज उल्हासनगरहून येते. एकदा शेअर रिक्षा भरेना, पुढे फाटकाच्या रस्त्याला ट्रॅफिक. पोरगी पाऊण तास उशिरा आली. सर घड्याळ दाखवत दारात उभे. "स्टेशनला कितीला उतरलीस?"

काजलने बोर्डाकडे बघितलं, सरांकडे बघितलं. "सात मिनिटांपूर्वी, सर!"

त्या दिवसापासून तिचा लेटमार्क बंद झालाय.

\*

मग हेड ऑफिसने एक ट्रेनर पाठवला. लॅपटॉप, पडद्यावर गोल गोल चित्रं. म्हणाला, "कस्टमरचं माइंड आपण स्टडी केलेलं आहे. तो तीनच प्रश्न विचारतो. लोकेशन, अ‍ॅमेनिटीज, रिटर्न्स." मग म्हणाला, आता नाटक करू. काजल विकणार, आणि कस्टमर कोण? तर मी!

मी मॉप ठेवला, पदर खोचला, खुर्चीवर बसले. विचारलं, "पाणी किती वाजता येतं?"

काजल ट्रेनरकडे बघायला लागली.

"कपडे कुठे वाळत घालायचे? आणि उद्या घरात कुणी गेलं, तर लिफ्टमधून बॉडी उभी न्यायची की बसवून?"

ट्रेनर घाईघाईने म्हणाला, "मॅडम, असं कस्टमर कधीच विचारत नाही."

दुपारी तीनला एक जोडपं आलं. बाईने अजून चपलाही काढल्या नव्हत्या. "पाणी किती वाजता येतं हो?"

ट्रेनरने वही काढली. हळूच माझ्याजवळ सरकला. "ताई, तुमचा दुसरा प्रश्न काय होता?"

\*

आता गेल्या रविवारचं.

निलेशला मी बजावलं होतं. दुनियेत कुठेही फ्लॅट बघ, आमच्या साइटवर पाय ठेवायचा नाही. मी जिथे लादी पुसते, तिथे तू कस्टमर म्हणून उभा राहणार? तर भर गर्दीत, मी आत लादी पुसत असताना, सँपल फ्लॅटचा पडदा बाजूला झाला, आणि निलेश आणि पूजा आत! निलेश लादीकडे बघत म्हणाला, "मी नाही, ही म्हणाली."

पूजा म्हणाली, "आई रोज पुसतात तो फ्लॅट सोडून दुसरीकडे कशाला जायचं? यातलं सगळं त्यांना माहीत असणार."

"आई" ऐकून सर दचकले, पण त्यांची कॅसेट चालू झाली. "या या, डिट्टो असाच मिळणार!"

पूजाने पर्समधून टेप काढली. कटिंगची, पिवळी. आधी पलंग मोजला. "पाच फूट. निलेश सहा. हा राहू दे, पलंग आपण आपला आणू." मग भिंती मोजल्या, ओटा मोजला. सर मागे मागे. "मॅडम, ब्रोशरमध्ये सगळी मापं दिलीत की!"

"ब्रोशरमध्ये कुणी झोपत नाही, सर."

मग हॉलमध्ये आली. "निलेश, सोफा उचल." त्याने उचलला. एका हाताने.

"आई, आडव्या व्हा."

"काय?"

"इथे, लादीवर. डोकं एन्ट्रीकडे, पाय खिडकीकडे."

"अगं बये, कस्टमर उभे आहेत! डोकं फिरलंय का तुझं?"

"तुम्ही रोज जिथे झोपणार, ते आज नाही बघायचं तर कधी बघायचं?"

मी मॉप काजलच्या हातात दिला आणि आडवी झाले. गुडघे आपोआप पोटाशी आले. आमच्या चाळीतल्या खोलीत पायाशी कपाट आहे, बावीस वर्षं मी अशीच झोपते.

पूजाने टेपने गुडघ्यावर टकटक केलं. "पाय सरळ."

"सवय आहे गं."

"इथे मास्तर मी आहे. सरळ!"

मी पाय लांब केले. काही म्हणजे काही आडवं आलं नाही. पूजाने टाळूपासून टाचेपर्यंत टेप लावली. "पाच फूट एक." मग तिची नजर पडद्यावर गेली. "सर, मेन दार कुठे आहे?"

"दार येणार ना, मॅडम! लाकडी फिनिश…"

"आत उघडणार की बाहेर?"

"आत."

पूजाने टेपचं एक टोक चौकटीच्या जागी धरलं, दुसरं टोक दारासारखं गोल फिरवलं. ते बरोबर माझ्या टिकलीवर येऊन थांबलं.

पडद्याबाहेरून सात-आठ कस्टमर माना आत घालून बघत होते.

"दार आणा," पूजा म्हणाली. "लावून, उघडून दाखवा. तोपर्यंत आई उठणार नाहीत."

सर माझ्याकडे बघत होते. मी छताकडे. कोपऱ्यात जाळं लागलं होतं. चार वर्षं हीच खोली पुसतेय, कधी दिसलं नव्हतं.

तेवढ्यात पडद्यामागून एक बाई म्हणाली, "एक मिनिट थांबा हां, आमच्या सासूबाई बाहेर रिक्षात बसल्यात. घेऊनच येते!"